विकास हवा, बहिरेपण नको

टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी दुष्काळी आटपाडीत आणले. कालवा असो, रस्ता असो वा खडी क्रशर, यंत्रांशिवाय काम हलत नाही. पण पोकलेनला जोडलेला ब्रेकर आणि ड्रिलिंग मशीन यांचा आवाज सहज 90 डेसिबलच्या पुढे जातो. ऑपरेटर आणि मजूर तो दिवसभर सोसतात.

कारखान्यांच्या नियमांनुसार आठ तासांच्या पाळीत 90 डेसिबलपर्यंतच आवाज चालतो. 95 डेसिबलला ही मुभा चार तासांवर येते. निवासी भागासाठी 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल आहे. आवाजाने येणारे बहिरेपण नोंदवायच्या व्यावसायिक आजारांत मोडते. आतल्या कानाच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

उपाय अवघड नाहीत: सायलेन्सरची देखभाल, सैल पत्रे-बोल्ट आवळणे, क्रशर आणि जनरेटरला आच्छादन, वस्तीपासून अंतर, रात्री काम बंद. इअरमफ हा शेवटचा आधार, पहिला नव्हे.

हा खर्च निविदेतच धरावा आणि आवाज मोजल्याची नोंद दाखवल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये.