काउंटरच्या आतली मते

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा बाद झाल्या. 14 तारखेला रिझर्व्ह बँकेने जिल्हा सहकारी बँकांना त्या घ्यायलाही मनाई केली. नवापूर तालुक्यातल्या विसरवाडीसारख्या बाजारगावात याचा अर्थ सरळ होता: राष्ट्रीयीकृत बँकेपुढे रांग, सहकारी बँकेचा व्यवहार ठप्प. मग कर्मचाऱ्यांचे राजकारण एक कसे असणार? रांगेपुढचा रोखपाल थकूनही ‘काळा पैसा बाहेर येईल’ म्हणू शकत होता. सहकारीतल्याला मात्र सरकारने आपल्यालाच चोर ठरवल्यासारखे वाटले, तर नवल नाही. (2018 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच 99.3 टक्के नोटा परत आल्याचे सांगितले.) या अंकात दोन्हीकडच्यांना बोलते केले आहे. भांडण अजून मिटलेले नाही, आणि आम्हीही ते मिटवायला गेलो नाही.