पान ओळखीचंच होतं

आमच्या गोंदिया जिल्ह्यात एक वाक्य फार ऐकू येतं. "धंदा करावा तो मारवाड्या-गुजरात्यांनी, आपल्या माणसाच्या अंगात ते नाही." घरातला मुलगा नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करतो म्हणाला की हे वाक्य हमखास निघतं आणि पोराचा अर्धा धीर तिथेच खचतो. मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

उदाहरण आपल्या जंगलातलंच घेऊ. तेंदूचं झाड आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? उन्हाळ्यात टेंभरं खाल्ली नाहीत असा माणूस इकडे सापडणार नाही. पण त्या पानावर पेढ्या उभ्या केल्या त्या बाहेरून आलेल्यांनी. १८९९ च्या दुष्काळाने (गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात) अनेक कुटुंबं गाव सोडून निघाली. त्यांतले मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल जबलपूरला आले आणि १९०२ च्या सुमारास विड्या वळण्याच्या उद्योगाला लागले. गुजरातेत विडी आपट्याच्या जातीच्या पानात वळत. तेंदूचं पान ओलं करून कापलं तर वळताना फाटत नाही, शिवाय जंगलात हवं तेवढं. पुढे हा धंदा गोंदिया-भंडाऱ्याकडे जोरात पसरला. मुंबई-हावडा लोहमार्ग इथून जातोच, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरची छोटी गाडीही सुरू झाली. तंबाखू बाहेरून येई, पान इथलं, आणि धानाची कापणी आटोपली की हात रिकामेच असत. यंत्र लागत नाही, घरी बसून सूप मांडीवर घेऊन काम होतं.

आता यात अक्कल कुणाची? अर्थशास्त्रज्ञ इस्रायल कर्झनर यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात म्हटलं आहे की, इतरांच्या नजरेतून सुटलेली संधी टिपण्याची सावधता हा उद्योजकाचा खरा गुण. बरोबर आहे, पण मला ते अपुरं वाटतं. नुसत्या सावध नजरेला काय दिसणार? आपल्या माणसाला पान माहीत होतं, तंबाखू आणि बाजार माहीत नव्हता. पटेलांना तंबाखू आणि विडी माहीत होती, पान इथे दिसलं. दोन ठिकाणची माहिती एका डोक्यात भेटली की संधी दिसते. ती जातीत असत नाही आणि रक्तातही असत नाही.

विश्वास बसत नसेल तर नवेगावबांधला जा. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी या इथल्याच माणसाने डोंगरांच्या मधली जागा हेरून तो तलाव बांधला. कोहळ्यांना पाणी अडवण्याची विद्या अवगत होती, आणि पाणी असेल तर धान आणि ऊस दोन्ही पिकतात हा हिशेबही. याला धंद्याची दृष्टी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आणि तेंदूच्या पानाची गोष्ट तिथेच संपत नाही. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात हा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. मे महिन्याच्या उन्हात बायाबापड्या पानं तोडून पुडे बांधत, फळीवर नेऊन मोजून देत आणि मजुरी घेत. भाव ठरे तो त्यांच्या डोक्यावरून. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी २०१३ पासून स्वतः लिलाव करून पान विकायला सुरुवात केली. तीच माणसं, तेच पान! मग आधी त्यांना धंद्याची अक्कल नव्हती आणि एकाएकी आली, असं म्हणायचं का? हक्क मिळाला, बाजारभाव कळला, आणि जे शंभर वर्षं दुसऱ्यांना दिसत होतं ते त्यांनाही दिसलं. अडचणी येतातच. कधी भाव पडतो, कधी ठेकेदार पैसे अडकवतो. पण ते प्रत्येक धंद्यात आहे.

विडीची बाजू मी मांडतोय असं कुणी समजू नये. तिने माणसांच्या छात्या पोखरल्या, आणि वळणाऱ्या बायांना हजारी हिशेबाने तुटपुंजी मजुरी दिली. त्यांच्यासाठी संसदेला १९६६ साली वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा संधी दिसणं ही एक गोष्ट आणि तिचा लाभ कुणाकुणाला होतो ही दुसरी. उद्योजकाचं कौतुक करताना हा दुसरा प्रश्न विचारायला आपण विसरतो.

म्हणून आमच्या नात्यागोत्यातल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. आपला गाव नीट माहीत करून घ्या. कोणत्या महिन्यात काय पिकतं, काय वाया जातं, कुणाचे हात रिकामे असतात. मग गावाबाहेरची एक गोष्ट तितकीच नीट शिका, मग तो बाजार असो, यंत्र असो की कायदा. दोन्ही डोक्यात असतील तर संधी शोधत हिंडावं लागणार नाही. आणि आम्हा वडीलधाऱ्यांनी ते सुरुवातीचं वाक्य बोलणं सोडावं. पोराला भांडवल देता येत नसेल तर नको, निदान धीर तरी खचवू नये.

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.