दिव्याचा शोध आणि कामाचे तास



विजेचा दिवा विज्ञानाच्या पुस्तकात एडिसनच्या नावासह येतो, मुंबईच्या गिरण्या इतिहासाच्या पुस्तकात येतात आणि या दोहोंचा संबंध विद्यार्थ्याला कोणीच दाखवत नाही, ही शालेय शिक्षणातील गंभीर उणीव आहे. दिवे येण्यापूर्वी गिरणी साधारणतः सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबे, त्यामुळे कामाचा दिवस हिवाळ्यात आखूड आणि उन्हाळ्यात लांब असे. १९०५ च्या सुमारास खात्यांत विजेचे दिवे लागले, कापडाला मागणीही होती, आणि अनेक गिरण्या १४-१५ तास चालू लागल्या. मात्र हे तास दिव्याने वाढवले नाहीत. ते नफ्याच्या हिशेबाने वाढवले, त्याविरुद्ध कामगारांचा रोष उसळला, चौकशी आयोग नेमला गेला आणि १९११ च्या कारखाने कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली. पुढे त्याच दिव्यांखाली पाळ्या सुरू झाल्या आणि स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर कायद्याची बंधने असल्याने रात्रपाळी पुरुषांची ठरली. यंत्र आले की समाज आपोआप बदलतो, या समजुतीला तंत्रनिर्णायकवाद म्हणतात. शोधांच्या सनावळ्या घोकणाऱ्या मुलांच्या मनात तो नकळत रुजतो.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच वेगळा विषय, वेगळे पुस्तक आणि वेगळे गुण नकोतच, कारण मग याचीही घोकंपट्टी होईल. विज्ञान आणि इतिहासाच्या शिक्षकांनी एखादा तास एकत्र घ्यावा आणि उदाहरण परिसरातले निवडावे, एवढे पुरे. ग्रामीण शाळेत ते शेतीपंपाचे असू शकते. कित्येक भागांत थ्री फेज वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच मिळते, म्हणून साप-बिबट्यांचे भय सोसून शेतकऱ्याला अंधारात दारे धरावी लागतात. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली. दरम्यान शेतकऱ्यांनी पंपाला ऑटो स्विच बसवले. वीज येताच पंप आपोआप सुरू होतो आणि रात्रीची एक फेरी वाचते, परंतु सगळ्यांचे पंप एकाच क्षणी सुरू झाले की रोहित्रावर एकदम भार पडून ते जळू शकते आणि मग सगळ्यांचेच पाणी थांबते. भार का वाढतो हे विज्ञानाच्या शिक्षकाने समजवावे. विजेचे वेळापत्रक कोण ठरवते आणि ऑटो स्विच काढून टाका असे सांगूनही शेतकरी तो का ठेवतो, हे त्याच तासाला, त्याच फळ्यावर इतिहासाच्या शिक्षकाने मांडावे.