सनद म्हणजे जन्मदाखला नव्हे : मध्ययुगीन क्राकूवची गोष्ट #थ्रेड

१/७
पोलंडमधील क्राकूव शहराच्या मुख्य चौकात, एका कोपऱ्याशी, संत वोयचेखचे लहानसे दगडी चर्च उभे आहे. चौकाची आखणी १२५७ च्या सनदेनुसार झाली. चर्चचे जुने दगडी बांधकाम मात्र त्याहून आधीचे. ज्या वर्षाला शहराची 'स्थापना' म्हटले जाते, त्याआधीच तेथे वस्ती नांदत होती.

२/७
तरीही एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील अनेक जर्मन लेखकांनी ठामपणे लिहिले की, स्लाव प्रदेशात नगरे आणली ती जर्मनांनीच. नाझींनी या मांडणीचा पूर्वेकडील आक्रमणासाठी वापर केला. उलट बाजूच्या राष्ट्रवादी लेखकांनी जर्मन वसाहतकारांचे योगदानच झाकले. दोन्ही मांडण्या अपुऱ्या आहेत.

३/७
इ. स. ९६५ च्या सुमारास इब्राहिम इब्न याकूब या ज्यू प्रवाशाने दगड-चुन्याने बांधलेल्या प्राग शहराचे वर्णन केले. तेथील बाजारात क्राकूवहून व्यापारी येत, हेही त्यानेच नोंदवले. सनदेपूर्वी सुमारे तीनशे वर्षे हा व्यापार चालू होता.

४/७
मग १२५७ मध्ये नवे काय घडले? १२४१ च्या मंगोल स्वारीत क्राकूव उद्ध्वस्त झाले होते. ड्यूक बोलेस्वावने जर्मनीतील माग्डेबुर्ग शहराच्या धर्तीवरील कायदा लागू केला. स्वतःचे न्यायालय, वंशपरंपरागत भूखंड, सुरुवातीची करमाफी आणि सुमारे २०० मीटर बाजूचा चौक, असा हा कौल होता. तो स्वीकारून आलेल्यांत जर्मन भाषक पुष्कळ होते. कौल देणारा मात्र पोलिश राजपुत्र होता.

५/७
याच सनदेत एक बोचरे कलम आहे : ग्रामीण भागातील पोलिश माणसाला नागरिकत्व देऊ नये. ड्यूकला आणि चर्चला आपली खेडी ओस पडू द्यायची नव्हती. येथे वंशाभिमानापेक्षा महसुलाची चिंता मोठी होती; पण दार बंद झाले ते स्थानिक कुळांसाठीच.

६/७
१३११-१२ मध्ये नगरप्रमुख अल्बर्टने बंड केले. ते मोडल्यावर शहराच्या दप्तरातील जर्मन भाषेची जागा लॅटिनने घेतली, कायदा मात्र टिकला. १३५६ मध्ये कॅसिमिर तिसऱ्याने त्याच कायद्यासाठी क्राकूवमध्ये वरिष्ठ न्यायालय स्थापले. अपिलासाठी माग्डेबुर्ग गाठण्याची गरज संपावी, हा त्यामागचा हेतू. परका कायदा शतकभरात घरचा झाला.

७/७
म्हणून 'हे शहर कोणी वसवले?' या प्रश्नाला एका राष्ट्राचे नाव हे उत्तर असू शकत नाही. बाजार स्थानिकांचा, कायद्याचा नमुना बाहेरचा, सही राजपुत्राची आणि वगळलेला माणूस खेड्यातला. सनद वाचताना त्या चौथ्या माणसाला विसरणारा इतिहास, कोणत्याही भाषेत लिहिला तरी, अपुराच राहतो.