वांग्याचा काय गुन्हा?

गेल्या शनिवारी धुळ्याला मावशीकडे गेलो होतो. चार वर्षांनी ती भरीत-भाकरी जेवली. खान्देशात ही बातमी आहे, राव!

चार वर्षं तिच्या अंगावर पित्त उठत होतं. सोबत ताप, आणि गुडघे-घोटे असे दुखायचे की जिना चढवत नसे. पित्ताला धुळ्याचे त्वचेचे डॉक्टर, सांध्यांना जळगावचे हाडांचे. पहिल्यांनी 'ॲलर्जी' म्हणून वांगी, शेंगदाणे बंद केले. दुसऱ्यांनी 'वय झालं' म्हणून गोळ्या दिल्या. मधूनमधून स्टेरॉइड, त्याने बरं वाटायचं, पण साखर वाढली. मावशीचं एकच वाक्य: "भरीत सुटनं, पन पित्त सुटनं नही."

आमच्या धंद्यात सांगायचं तर बग एकच, तिकिटं दोन, डेव्हलपर दोन. दोघंही आपापलं तिकीट 'क्लोज' करून मोकळे.

शेवटी मुंबईत नाव कळलं: श्नित्झलर सिंड्रोम. लिलियन श्नित्झलर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी १९७२ साली तो नोंदवला. ही ॲलर्जी नव्हेच. इंटरल्युकिन-१ हे दाह पेटवणारं प्रथिन विनाकारण सुटत राहतं, म्हणून ॲलर्जीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. ते रोखणारं ॲनाकिनरा हे इंजेक्शन बहुतेकांना काही दिवसांतच आराम देतं. मावशीलाही दिला.

आता कोणी म्हणेल, इतका दुर्मिळ आजार जिल्ह्याच्या डॉक्टरला कसा कळावा? मान्य. पण नाव कळायची गरजच नाही, प्रश्न विचारायची आहे. गांधीभोवती पेनाने गोल काढा. २४ तासांनीही ती तिथेच आहे? खाजेपेक्षा आग जास्त? सोबत ताप, सांधेदुखी, वाढलेला सीआरपी? मग श्नित्झलर असो, ल्युपस असो की रक्तवाहिन्यांचा दाह, पेशंटला पुढे पाठवा. रक्तातलं जादा आयजीएम प्रथिन शोधायची तपासणी करा. पेनाला किती पैसे पडतात हो?

धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावातही २०१८ पासून आहे. त्वचा आणि सांधे यांची आठवड्यातून एक एकत्र ओपीडी, एवढंच मागतोय मी.

आणि औषध? अमेरिकेत त्याला २००१ सालीच मान्यता मिळाली. आपल्याकडे अजून ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. १२-अ फॉर्म भरून, परवाना काढून स्वतःपुरतं मागवायचं. सरकारचं २०२१ चं दुर्मिळ आजार धोरण आहे, ५० लाखांपर्यंत मदत आहे, २०२३ पासून सीमाशुल्कही माफ आहे. पण सगळं यादीतल्या आजारांना. ज्याचं निदानच 'वांगं' म्हणून होतं, तो आजार यादीत येणार कसा?

असो. बहुतेकांचं पित्त साधंच असतं, उगाच घाबरू नका. पण घरात कोणाचं पित्त आणि सांधे वर्षानुवर्षं एकत्र छळत असतील, तर दोन डॉक्टरांच्या दोन फायली एकदा एकाच टेबलावर ठेवा.

वांग्याला जामीन मिळेल कदाचित :-)