'ओरिजिनल' यंत्राचें सोवळें

जुन्या व्हॉल्वच्या स्टीरिओ रिसीव्हरचा शौक अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतहि शिरला आहे. शौकाशीं आमचें भांडण नाहीं. रेडिओ आणि ध्वनिवर्धक एकाच पेटींत आणणारीं हीं यंत्रें फिशर, स्कॉट इत्यादि अमेरिकन कंपन्यांनीं १९६० च्या दशकांत मोठ्या कसबानें घडविलीं. त्यांतील एखादें आपल्या दिवाणखान्यांत गाऊं लागलें तर कोणास नको आहे? भांडण आहे तें 'ओरिजिनल' या एका शब्दाशीं. ज्याचें झाकण साठ वर्षांत कोणी उघडलें नाहीं तें यंत्र सोवळें, आणि ज्याचे भाग बदलले तें बाटलेलें, असा आचार विकणारे सांगतात व घेणारे त्यापायीं जास्त दाम मोजतात.

हा आचार शास्त्राच्या कसोटीस क्षणभरहि टिकत नाहीं. यांतील कंडेन्सर काळानेंच निकामी होतात; यंत्र वापरलें नाहीं म्हणून ते वांचत नाहींत. दोन व्हॉल्वांमधील कंडेन्सरचें काम असें कीं, गाण्याचीं स्पंदनें पुढें जाऊं द्यावीं आणि मागील व्हॉल्ववरील उच्च दाब अडवावा. तो झिरपूं लागला कीं पुढील व्हॉल्वचा तोल सुटतो, मर्यादेबाहेर प्रवाह वाहतो, आंतील प्लेट लालभडक होते, आणि अखेर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. फिशर ५००-सी हेंच उदाहरण घ्या. त्यांत ७५९१ जातीचे चार व्हॉल्व असतात. ते गेले तर नव्यानें बनविलेले आजहि मिळतात. मूळ ट्रान्सफॉर्मर मात्र बहुधा दुसऱ्या एखाद्या मेलेल्या यंत्रांतूनच काढावा लागतो. क्षुल्लक किंमतीचा कंडेन्सर राखण्यासाठीं यंत्राचा प्राण पणास लावणें, यास रसिकता म्हणावयाचें काय?

'पण तो उबदार नाद?' असें कोणी विचारील. व्हॉल्वच्या नादास स्वतःचा एक गोडवा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्या नांवाखालीं किती गोष्टी खपतात! अमेरिकेंत एफ्.एम्. स्टीरिओ प्रक्षेपण १९६१ त सुरू झालें. तेथील रिसीव्हर वरचे स्वर ७५ मायक्रोसेकंदांच्या प्रमाणानें दाबतो. आपल्याकडील प्रक्षेपण ५० च्या प्रमाणाचें. साहजिकच येथील केंद्र त्यावर लावलें कीं वरची धार बोथट होते. त्या बोथटपणास ऊब समजून माना डोलावणारे रसिक आम्ही पाहिले आहेत.

मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारा बदलतात, जवारी पुन्हां काढतात. त्यामुळें भोपळा खोटा झाला असें कोणा गवयानें म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. मग हाच न्याय या पेटीस कां नसावा?

घेणाऱ्यानें आधीं ट्रान्सफॉर्मर धड आहेत कीं नाहींत तें पाहावें आणि कंडेन्सर कोणी, केव्हां बदलले तें विचारावें. वॅटांच्या बढाईस भुलूं नये. ३० वॅटांचें यंत्र २० वॅटांच्या यंत्राहून २ डेसिबलहि मोठें वाजत नाहीं. आणि घरांतील संग्रह अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (ते १९३७ त वारले) काळांतला असेल तर दोन वाहिन्यांचा त्यास कांहीं उपयोग नाहीं, कारण स्टीरिओ रेकॉर्ड बाजारांत सर्रास आल्या त्या १९५८ पासून.

राहतां राहिला विजेचा प्रश्न. यंत्र अमेरिकेच्या ११७ व्होल्ट, ६० सायकलच्या विजेसाठीं केलेलें, आपली वीज २३० व्होल्ट, ५० सायकलची. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, सायकल बदलत नाहीं. म्हणून केवळ ६० सायकलसाठीं केलेला आंतील ट्रान्सफॉर्मर येथें अधिक तापतो. यंत्रामागील पाटीवर '५०–६०' असा उल्लेख आहे कीं नाहीं तें पैसे देण्यापूर्वीं वाचावें. आणि झाकण उघडण्याचें काम जाणत्या कारागिरासच सांगावें, कारण तार काढल्यावरहि आंतील कंडेन्सरांत कित्येक शें व्होल्टांचा दाब कांहीं काळ तसाच राहतो.