नदीच्या वळणावरच्या बायका

यंदाच्या अंकासाठी ‘पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायका’ हा विषय ठरला, तेव्हा लेखकांना आम्ही एकच विनंती केली होती. सोशिकपणाचं कौतुक नको. आई-आजीबद्दल लिहायला बसलं की ‘तिने जन्मभर सोसलं’ हे वाक्य आपसूक कागदावर उतरतं आणि तिने काय ठरवलं, कशाला नकार दिला, कशासाठी अडून बसली, हे सगळं मागे पडतं. ही विनंती सुचली ती अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहानशा वस्तीमुळे. तिच्याविषयी इथे थोडं सविस्तर लिहायचं आहे.

अलाबामा राज्यातल्या विल्कॉक्स काउंटीत अलाबामा नदी एक मोठं वळण घेते. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या त्या जमिनीवर जीज बेंड वसलं आहे. १८४५ मध्ये मार्क पेटवे या मळेवाल्याने इथला कापसाचा मळा घेतला आणि आपल्या गुलामांना नॉर्थ कॅरोलिनाहून पायी चालवत इथे आणलं. गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही ही माणसं त्याच जमिनीवर अर्धेलीने राबत राहिली. मालकाचं आडनावही मागे उरलं. आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात या गावच्या गोधड्यांखालच्या पाट्या वाचल्या, तर पेटवे हे आडनाव पुन्हापुन्हा भेटतं. गोधड्या शिवणाऱ्या बायकांनी त्या आडनावाला जी ओळख दिली, ती मळेवाल्याला कधीच देता आली नसती.

१९३२ मध्ये गावाला उधार देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या घरच्यांनी वसुली काढली. गुरं, अवजारं, बियाणं, साठवलेलं धान्य, जे हाताला लागेल ते उचलून नेलं. तो हिवाळा गावाने रेडक्रॉसच्या मदतीवर काढला. घरं ओंडक्यांची, भिंतींना फटी. त्या बुजवायला बायका आतून वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं डकवत आणि अंगावर घ्यायला गोधड्या शिवत. कापड म्हणजे शेतात झिजलेल्या विजारी, फाटके सदरे, पिठाची आणि खताची पोती. वरचा पदर प्रत्येक बाई एकटी, आपल्या घरी, आपल्या मनाने जुळवी. अस्तर आणि कापूस घालून टाके मारायला मात्र चौघीजणी जमत आणि गाणी म्हणत.

१९४२ मध्ये मिझुरी पेटवे यांनी एक गोधडी शिवली. नवरा नुकताच वारला होता. त्याचे शेतातले कपडे त्यांनी उसवले. गुडघ्यांवर विरलेलं, उन्हाने पांढरं पडलेलं, डाग न गेलेलं कापड. ते त्यांनी लांब पट्ट्यांत जोडलं. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेत झोपता यावं, म्हणून हे करते आहे, असं त्यांनी मुलीला, आर्लोन्झियाला सांगितलं होतं. आर्लोन्झिया पुढे स्वतः नावाजलेली कारागीर झाली आणि तिच्याचमुळे ही हकीकत आपल्यापर्यंत पोचली. त्या गोधडीत गुडघ्यांच्या जागा ओळखू येतात. मिझुरीबाईंनी त्या झाकल्या नाहीत. दुःखाचं काय करायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं, असं मला ती पाहताना वाटतं.

सगळ्याच जणी आवडीने शिवत होत्या, असंही नाही. लोरेटा पेटवे यांना शिवणकाम नकोसं वाटे आणि ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. घर थंड, मुलं लहान, दुसरा उपाय नाही, म्हणून त्या शिवत. तरीही त्यांच्या गोधड्यांतली रचना या गावातल्या सर्वांत धीट रचनांपैकी आहे.

१९३७ च्या सुमारास सरकारने मळ्याची जमीन विकत घेतली आणि पुढच्या दशकात ती हप्त्यांवर कुटुंबांना दिली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विल्कॉक्स काउंटीत काळ्या लोकांची बहुसंख्या, पण १९६५ च्या सुरुवातीपर्यंत मतदार यादीत त्यांच्यापैकी एकही नाव नव्हतं. नाव नोंदवायला गेलं की जमीनदार घराबाहेर काढी. जीज बेंडच्या बायकांना पायाखाली स्वतःची जमीन होती. त्या गेल्या. पलीकडच्या कॅम्डेन या काउंटीच्या मुख्य गावी जायची होडीसेवा १९६२ मध्ये बंद केली गेली होती. पाण्यातून काही मिनिटांचं अंतर रस्त्याने तासाभराचं झालं, तरी त्या गेल्या. १९६५ च्या फेब्रुवारीत मार्टिन ल्यूथर किंग भर पावसात या गावी आले होते. होडी पुन्हा सुरू झाली ती थेट २००६ मध्ये.

१९६६ मध्ये या परिसरातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. एस्टेल विदरस्पून यांनी ती अनेक वर्षं चालवली. संस्थेने जमीन घेतली आणि मतदार नोंदणीमुळे बेघर झालेल्या कुटुंबांना त्यातले तुकडे विकले. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. सगळे एकाच मापाचे, एकाच घडणीचे हवे होते. पैसे मिळाले, बायकांनी ते नेमाने केलं आणि उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे घरी नेऊन त्यांच्या हव्या तशा, वाकड्यातिकड्या, झळझळीत गोधड्या केल्या.

२००२ मध्ये ह्यूस्टन आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या. समीक्षकांना मातीस आणि क्ले हे चित्रकार आठवले. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. पण नावाबरोबर पैशाचाही प्रश्न आला. आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही, म्हणून काहीजणी २००७ मध्ये कोर्टात गेल्या. पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटलं. त्यांच्या कलेवर लिहिणारे काहीजण या भागाशी आले की आवाज खाली आणतात. मला मात्र तो मतदार नोंदणीइतकाच अभिमानाचा वाटतो. २०२१ पासून तिथल्या बायका इंटरनेटवर स्वतःच्या नावाने दुकानं चालवतात आणि किंमत स्वतः लावतात.

वाकळ आपल्याकडेही घरोघरी होती. जुन्या लुगड्यांचे थर, धावदोरा, कडेला उरलेले काठ. ती शिवणाऱ्या बाईचं नाव आपण टिपून ठेवलं नाही. या अंकात जे लेख आले आहेत, त्यांतल्या बायकांना नावं आहेत, हट्ट आहेत, भांडणं आहेत. एका लेखातली आजी वाटणीच्या कागदावर अंगठा द्यायला नकार देते. दुसऱ्यातली आत्या सगळ्या भावांशी अबोला धरून शाळा पुरी करते. काही लेखकांनी घरच्यांचा राग पत्करून हे लिहिलं.